खरं लिहिलं तरी बदनामीची नोटीस?

प्रश्न: आमच्या नव्या बिल्डिंगमध्ये पहिल्याच पावसात भिंती गळायला लागल्या, मी फोटोसकट सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं तर बिल्डरने थेट बदनामीची नोटीस पाठवलीय. खरं बोलणं पण गुन्हा आहे का?

उत्तर: ताई, आधी घाबरू नका, नोटीस म्हणजे केस नव्हे. पण खरं सांगायचं तर आपल्याकडे बदनामी हा अजूनही फौजदारी गुन्हा आहे, आधी भारतीय दंड संहितेचं कलम ४९९-५०० होतं, जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं ३५६, शिक्षा दोन वर्षांपर्यंत, आणि नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं (गळकी भिंत लोकहिताची नाही तर काय!). सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये तेव्हाचं कलम घटनेत बसतं म्हटलं, २०२४ मध्ये सरकारला कायद्यांवर सल्ला देणाऱ्या लॉ कमिशननेही हा गुन्हा ठेवा म्हणून सांगितलं. मला नाही पटत. श्रीलंकेने २००२ मध्येच असा गुन्हा काढून टाकला, इंग्लंडमध्ये तर दिवाणी दाव्यातही गंभीर नुकसान दाखवावं लागतं. इथे तारखांना चकरा मारण्यातच माणूस दमतो. तुम्ही फोटो, तारखा, तक्रारीची पोच सगळं जपून ठेवा, वकिलामार्फत उत्तर द्या, आणि ग्रुपवर ‘चोर’ वगैरे लिहू नका, फक्त ओल दाखवा.