पोकरचा खेळ सुधारायचा असेल तर त्यातलं प्रगत गणित शिकण्यात अर्थ आहे का?

आहे. पॉट ऑड्स (मधे जमलेल्या पैशाच्या, म्हणजे पॉटच्या, तुलनेत किती घालावे लागतात) आणि आउट्स (आपला हात सुधारणारी उरलेली पानं) तुम्हाला येतात असं धरून चालतो. त्यापुढची पायरी म्हणजे समोरच्याच्या हातात कोणकोणती पानं कितीदा असू शकतात हे मोजणं. ते न शिकता वर्षानुवर्षं खेळणारे खूप आहेत. माझा एक जुना दोस्त त्यातलाच. "गणितानं पत्ते बदलत नाहीत, समोरच्याचे डोळे वाच," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

एकदा माझ्याकडे चौकटचे राजा-राणी होते. टेबलावर इस्पिकचा राजा, इस्पिकची अठ्ठी, चौकटची तिर्री, बदामची दुर्री आणि रिव्हरला, म्हणजे पाचवं आणि शेवटचं पान, किलवरचा गुलाम. समोरचा फ्लॉप-टर्नला (पहिली तीन पानं आणि चौथं) नुसता कॉल करत, म्हणजे माझ्या बेटएवढेच पैसे घालत, आला आणि रिव्हरला एकदम पॉटएवढी बेट. अशी बेट कॉल करायची तर तीनात एकदा तरी जिंकायला हवं. आता मोजा. मोठी जोडी किंवा एक्का-राजा असता तर त्यानं सुरुवातीलाच रेझ केलं असतं, म्हणजे बेट वाढवली असती. मग मला हरवणारं उरतं काय? अठ्ठी, तिर्री, दुर्रीचे सेट (एकाच नंबरची तीन पानं), प्रत्येकी 3 प्रकारे, म्हणजे 9. राजा-गुलाम (दोन जोड्या): शिल्लक राजे 2, गुलाम 3, म्हणजे 6. एकूण 15. त्यांच्यासमोर निदान 8 ब्लफ असतील तर कॉल फायद्याचा. फसलेले इस्पिकचे ड्रॉ (पाच इस्पिक जुळवायला निघालेले, पण न जुळलेले हात), अगदी खेळण्यालायक तेवढेच धरले तरी डझनभर भरतात. म्हणजे प्रश्न उरला एकच: हा गडी फसलेल्या ड्रॉपैकी दोनतृतीयांश वेळा ब्लफ मारतो का? त्याच रात्री त्याला ते करताना मी पाहिलं होतं. कॉल केला. त्यानं तिर्रीचा सेट दाखवला.

दोस्त अजूनही हा किस्सा चारचौघांत रंगवून सांगतो. कॉल बरोबरच होता, आज पुन्हा करीन. एका हातावरून गणित तपासणाऱ्याला व्हेरियन्स, म्हणजे नशिबाचे चढउतार, म्हणजे काय हेच कळलेलं नसतं. समजा तुम्ही दर 100 हातांना 5 बिग ब्लाइंड (पानं पाहण्याआधीची सक्तीची मोठी बेट, कमाई याच मापात मोजतात) जिंकता आणि प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासूनचा नेहमीचा चढउतार, 90 आहे. मग 10,000 हातांनंतर सरासरी कमाई 500, पण विचलन 900! इतका चांगला खेळाडूसुद्धा दहातल्या साधारण तीन वेळा तोट्यात असतो. आणि डोळ्यांचंच म्हणाल, तर 2017 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रॅटस या प्रोग्रॅमनं 1,20,000 हातांत चार अव्वल व्यावसायिकांना समोरासमोरच्या नो-लिमिट (बेटला मर्यादा नसलेल्या) पोकरमध्ये हरवलं. त्याला कुणाचे डोळे दिसत होते?

सॉल्व्हरचे (गणितानं सर्वोत्तम खेळी शोधणाऱ्या सॉफ्टवेअरचे) तक्ते पाठ करणं मात्र मला फुकटचा उद्योग वाटतो. अमुक हात 37 टक्के वेळा बेट करायचा हे घोकून काय मिळणार, जर समोरचा कधी फोल्डच करत, म्हणजे पत्ते टाकून देत, नसेल? आधी मोजायला शिका, सॉल्व्हर नंतर, तोही 'असं का' हे विचारण्यापुरता.

हां, टूर्नामेंट खेळत असाल तर वेगळं: तिथे बक्षिसांच्या टप्प्यांमुळे चिप्सची किंमत बदलते, आयसीएमशिवाय (चिप्सची किंमत बक्षिसाच्या पैशात मोजणारं गणित) शेवटच्या टेबलावर चाचपडाल. आणि हरल्यावर डोकं फिरत असेल तर यातलं काहीच कामाचं नाही, ते आधी बघा.

बाकी कुणी डोळे वाचायला सांगितलं, तर त्याची जमाखर्चाची वही मागा. माझ्या दोस्तानं आजवर ती ठेवलेलीच नाही.