पट्टीवर प्रोटीन ‘निल’, मग चोवीस तासांत तीन ग्रॅम आलं कुठून?

प्रश्न : वडील ६४ वर्षांचे. चार महिने कंबर दुखतेय. हिमोग्लोबिन ८.९, क्रिएटिनिन २.१. रुटीन लघवीत प्रोटीन ‘निल’, पण चोवीस तासांच्या लघवीत ३.२ ग्रॅम. कुठला रिपोर्ट चुकला? – एक वाचक, सांगली

उत्तर : बहुधा कुठलाच नाही, आणि हा फरक गंभीरपणे घ्यायला हवा. रुटीन तपासणीतल्या पट्टीचा पिवळा चौकोन हिरवा होतो तो मुख्यतः अल्ब्युमिन या रक्तातल्या मुख्य प्रथिनामुळे. दुसरी प्रथिनं भरपूर असली तरी चौकोन पिवळाच राहू शकतो. चोवीस तासांच्या चाचणीत मात्र एकूण प्रथिन मोजतात. पट्टी कोरी आणि एकूण प्रथिन ३ ग्रॅम, म्हणजे लघवीतून अल्ब्युमिन नव्हे, दुसरंच काहीतरी जातंय. त्यातच पाठदुखी, रक्त कमी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड गाळून बाहेर टाकतं तो टाकाऊ पदार्थ) वाढलेलं असेल तर पहिला संशय मायलोमाचा, म्हणजे प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगाचा.

प्लाझ्मा पेशी अँटिबॉडी बनवतात. प्रत्येक अँटिबॉडीत दोन जड आणि दोन हलक्या साखळ्या असतात. हलकी साखळी ‘कॅपा’ किंवा ‘लॅम्डा’, दोन्हींपैकी एका जातीची. एकाच पेशीची पिलावळ बेसुमार वाढली की एकाच जातीच्या सुट्या हलक्या साखळ्या रक्तात साचतात. अल्ब्युमिनच्या साधारण एक तृतीयांश वजनाच्या असल्यामुळे त्या मूत्रपिंडाच्या गाळणीतून सहज निसटतात. पुढची नलिका त्या परत शोषून घेते, पण तिची ताकद संपली की उरलेल्या लघवीत उतरतात. हेच बेन्स जोन्स प्रोटीन.

आता डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या : लघवीचं इलेक्ट्रोफोरेसिस (विजेने प्रथिनं वेगळी करून त्यांचे पट्टे पाहणं) आणि इम्युनोफिक्सेशन (पट्ट्यातलं प्रथिन कुठल्या जातीचं ते ओळखणं), रक्ताचं दोन्ही, शिवाय रक्तातल्या सुट्या हलक्या साखळ्या. नुसतं रक्ताचं इलेक्ट्रोफोरेसिस पुरत नाही. फक्त हलक्या साखळ्या बनवणाऱ्या मायलोमात त्यात ठळक पट्टा दिसेलच असं नाही. कॅपा-लॅम्डाचं गुणोत्तर एरवी ०.२६ ते १.६५ असतं, मूत्रपिंड दुबळं असेल तर ३.१ पर्यंतही कर्करोगाशिवाय जाऊ शकतं. म्हणून तो आकडा क्रिएटिनिन शेजारी ठेवूनच वाचायचा. निदान मात्र अस्थिमज्जा तपासूनच पक्कं होतं. क्रिएटिनिन चढत असेल तर महिनाभर थांबू नका, याच आठवड्यात रक्तविकारतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : तोवर कंबरेसाठी डायक्लोफेनॅक दिलं तर चालेल? – तेच वाचक

उत्तर : नाही. आयबुप्रोफेनही नको. या गोळ्यांनी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी होतो. हलक्या साखळ्या नलिकेतल्या युरोमोड्युलिन या प्रथिनाला चिकटून मेणासारखे साचे बनवतात आणि नलिका तुंबते. शरीरातलं पाणी कमी झालं की हे आणखी लवकर होतं. जुलाब-उलट्या अंगावर काढू नका. पाणी किती प्यायचं ते हृदय आणि सूज पाहून डॉक्टर ठरवतील. रंगद्रव्य टोचून सीटी स्कॅन सांगितला असेल तर आधी क्रिएटिनिन दाखवा.

प्रश्न : आईची चोवीस तासांची लघवी दोनदा नाकारली गेली. नेमकी कशी गोळा करायची? – एक वाचक, बार्शी

उत्तर : समजा सुरुवात सकाळी ७ ला. सातची लघवी टाकून द्या, वेळ कॅनवर लिहा. त्यानंतरचा प्रत्येक थेंब कॅनमध्ये. शौचाला जातानाची लघवीसुद्धा, बहुतेकांची चूक तिथेच होते. दुसऱ्या दिवशी ७ ला मूत्राशय पूर्ण रिकामं करून ती लघवी कॅनमध्ये घाला आणि थांबा. कॅन फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या डब्यात ठेवा. आत आधीच काही द्रव असेल तर तो ओतून टाकू नका. कॅन पूर्णच न्या. घरी बाटलीत थोडी काढून नेली तर एकूण मिली कळत नाहीत, आणि त्याशिवाय दिवसाचे ग्रॅम निघत नाहीत.

त्याच नमुन्यात क्रिएटिनिनही मोजायला सांगा. बाईच्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १० ते २० मिग्रॅ येतं; वृद्ध आणि कृश व्यक्तीत कमी. फारच कमी आलं तर लघवी सांडली किंवा राहिली असं धरून पुन्हा गोळा करा. मायलोमाचे उपचार सुरू झाल्यावर चोवीस तासांच्या प्रथिनाचा आकडा फार महत्त्वाचा. आधी दिवसाला २०० मिग्रॅ किंवा त्याहून जास्त असामान्य प्रथिन असेल तर उपचारांचा गुण येतोय की नाही ते त्यावरून मोजतात.

प्रश्न : लघवी गरम करून बेन्स जोन्स ओळखायची जुनी पद्धत कॉलेजात शिकवतात. ती अजून उपयोगी आहे? – डीएमएलटीची (लॅब टेक्नॉलॉजी पदविकेची) विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : समजून घ्यायला सुरेख. ४ मिली गाळलेली लघवी, १ मिली अ‍ॅसिटेट बफर (पीएच ४.९), ५६ अंशांच्या पाण्यात १५ मिनिटं. गढूळ झाली तर नळी ३ मिनिटं उकळत्या पाण्यात. गढूळपणा विरला आणि थंड होताना परत आला, तर ते बेन्स जोन्स. अल्ब्युमिन उकळल्यावर विरत नाही. १८४५ मध्ये लंडनच्या एका रुग्णाच्या लघवीचं हेच विचित्र वागणं पाहून डॉ. वॉटसन यांनी रसायनांचे जाणकार डॉक्टर हेन्री बेन्स जोन्स यांना नमुना पाठवला होता आणि विचारलं होतं, हे आहे तरी काय?

पण रिपोर्ट यावर देऊ नका. प्रथिन थोडं असेल तर ते या पद्धतीत निसटतं, आणि अल्ब्युमिन सोबत असेल तर उकळूनही नळी गढूळच राहते. तेव्हा ती गरम असतानाच गाळून खालचं पाणी थंड होताना पाहावं लागतं. कॅपा की लॅम्डा हे तर उष्णता सांगतच नाही. त्याला इम्युनोफिक्सेशनच लागतं.