कामगारांमधले वाद हाताळायचं ट्रेनिंग पहिल्यांदा देताय?

नाशिकच्या अंबड-सातपूरच्या कारखान्यात हे ट्रेनिंग द्यायचं तर पीपीटी नंतर, आधी चार दिवस शॉप फ्लोअरवर फिरा. बरीचशी भांडणं पाळी बदलताना पेटतात: मशीन पुसून ठेवलं नाही, रिजेक्शन (खराब निघालेला माल) कुणाच्या नावावर टाकायचं, ओव्हरटाइम त्यालाच का. ट्रेनिंगमध्ये हेच प्रसंग नाटकासारखे करून घ्या, फक्त नावं बदलून. ऑपरेटरला सुपरवायझर करा, सुपरवायझरला ऑपरेटर. सुरुवातीला हशा होतो, होऊ द्या.

नियम एकच ठेवा: काय घडलं ते बोलायचं, माणूस कसा आहे ते नाही. 'तू कामचुकारच' आणि 'काल सेटिंग न सांगता गेलास' यातला फरक दोन-तीनदा बोलून बघितला की आपोआप कळतो.

थॉमस आणि किलमन या अभ्यासकांनी 1974 मध्ये मांडलेल्या वाद हाताळायच्या पाच पद्धती शिकवा: स्पर्धा, सहकार्य, तडजोड, टाळणं, नमतं घेणं. टाळणं नेहमीच वाईट नसतं. डोकी तापलेली असताना चहा पाजून अर्ध्या तासाने बसवलेलं बरं. पण रोजच टाळणाऱ्या सुपरवायझरला (असे खूप भेटतील) आधी शिकवा, कामगारांना नंतर.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगा. लैंगिक छळाची तक्रार सुपरवायझरने आपसात मिटवायची नाही. 2013 च्या कायद्याप्रमाणे 10 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती लागते, तक्रार तिकडेच जाते.

आणि बॅच पाळी सुटल्यावर ठेवू नका; सगळ्यांचं लक्ष कंपनीच्या बसकडे असतं.