न तोडता झाडाचं वजन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बांधावर बाभळी आहेत, काही बुडापासूनच तीन-चार खोडांच्या. न तोडता वजन कसं काढायचं?
– शेतकरी वाचक, अथणी तालुका

उत्तर : शिंप्याचा टेप घ्या. जमिनीपासून १.३ मीटरवर, खोडाला काटकोनात, टेप ताणून पण साल न दाबता घेर मोजा. उतारावर वरच्या अंगाला उभं राहून मोजायचं. नेमकी तिथेच गाठ असेल तर थोडं वर सरका. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास मिळतो.

मग झाडांच्या वजनाचे संशोधक जेरोम शाव आणि सहकाऱ्यांचं २०१४ चं सूत्र वापरा. घनता × व्यास × व्यास × उंची असा गुणाकार करा, त्याचा ०.९७६ वा घात काढा (मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतो) आणि ०.०६७३ ने गुणा. व्यास सेंटिमीटरमध्ये, उंची मीटरमध्ये. बाभळीच्या लाकडाची घनता ०.७५ (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) च्या आसपास धरा. घेर ६३ सेंमी म्हणजे व्यास २०. उंची ६ मीटर असेल तर उत्तर येतं सुमारे १०० किलो. हे जमिनीवरच्या भागाचं सुकं वजन. ओल्या लाकडाचा काटा याहून बराच जास्त भरेल, कारण त्यात पाणी असतं.

तीन खोडांचे घेर सरळ बेरजेत धरू नका, सगळ्यात मोठी चूक इथेच होते. समजा घेर ३०, ४० आणि ५० सेंमी आहेत. प्रत्येकाचा वर्ग करा, ९०० + १६०० + २५०० = ५०००, आणि वर्गमूळ घ्या : साधारण ७१. हा त्या झाडाचा घेर. नुसती बेरीज करून १२० धरलात तर वजन जवळपास पावणेतीनपट फुगतं, कारण सूत्रात व्यास वर्गाने येतो. त्याच कारणाने घेरात ५ टक्के चूक झाली की वजनात १० टक्के होते.

शेळ्यांच्या पाल्यासाठी दरवर्षी खांद्या छाटलेल्या बाभळीला हे सूत्र जास्त वजन दाखवतं. खोड जाड राहतं, डोलारा (फांद्या-पाल्याचा पसारा) मात्र उरलेला नसतो. अशी झाडं वहीत वेगळी लिहा. ५ सेंमीहून कमी व्यासाच्या रोपांनाही सूत्र लावू नये.

प्रश्न : प्रोजेक्टसाठी माळावरच्या तरवडाचं वजन काढायचं आहे. त्याला खोडच धड नाही, मग घेर कुठे घ्यायचा?
– विद्यार्थी वाचक, चिकोडी

उत्तर : झुडपांना घेर सोडा, डोलारा मोजा. सर्वात रुंद बाजू आणि तिला काटकोनातली बाजू, दोन्ही मीटरमध्ये; त्यांचा गुणाकार × ०.७८५ हे डोलाऱ्याचं क्षेत्र. त्याला उंचीने गुणलं की घनफळ.

मात्र तयार सूत्र उचलू नका, तुमच्या माळाचं तुम्हीच बसवा. जागेच्या मालकाला विचारून लहान-मध्यम-मोठी मिळून २०-२५ झुडपं मोजा आणि बुडाशी कापा. वजन तिथेच, लगेच घ्या. ऊन लागलं की पाला तासाभरात हलका होतो. पाला आणि काटक्या वेगळ्या करून दोन्हींचे अर्धा-अर्धा किलो नमुने कॉलेजच्या ओव्हनमध्ये वाळवा, काटक्या १०५ अंशांवर, पाला ७० वर, वजन घटायचं थांबेपर्यंत. सुक्या-ओल्याचं हे गुणोत्तर पूर्ण झुडपाला लावा.

मग घनफळ आणि सुकं वजन, दोन्हींचे लॉग घेऊन एक्सेलमध्ये रेषा बसवा. लॉगमधून परत किलोत येताना उत्तर थोडं कमी पडतं. नैसर्गिक लॉगमधली रेषेची प्रमाण त्रुटी (स्टँडर्ड एरर, म्हणजे बिंदू रेषेपासून साधारण किती दूर पडतात ते) ०.३ असेल तर १.०४६ ने गुणावं लागतं. ही दुरुस्ती सर्रास विसरली जाते. आणि तुमचं सर्वात मोठं झुडूप दीड मीटरचं असेल, तर हे सूत्र अडीच मीटरच्या झुडपाला लावू नका.

प्रश्न : खानापूरच्या जंगलासाठी काढलेलं सूत्र रायबागच्या माळाला चालेल का?
– वाचक, रायबाग

उत्तर : ते फक्त घेरावर असेल तर नाही. खानापूरकडच्या भरपूर पावसात त्याच घेराचं झाड कितीतरी उंच जातं, त्यामुळे तुमच्या गिड्ड्या झाडांचं वजन जास्त दिसेल. उंची धरणारं सूत्र घ्या, आणि उंची मोजताना पसरट डोलाऱ्याची जवळची कड म्हणजेच शेंडा असं समजू नका. लांब उभं राहून नजर मधल्या टोकावर ठेवा.