आकडा आला कोठून?

प्रिय विद्यार्थिमित्रास,
अनेक आशीर्वाद.

संख्याशास्त्राची सुरुवात कोठून करावी, असे तू विचारले आहेस. मध्य, मध्यक, बहुलक ही प्रकरणे तुला दोन-चार दिवसांत जमतील, त्यांवर मी काही लिहीत नाही. मात्र पुढच्या सूत्रांकडे वळण्याआधी समोरचा आकडा कोणी, कोठे आणि कसा मोजला, हे विचारण्याची सवय तू लावून घ्यावीस, असा माझा आग्रह आहे. या विषयातील कित्येक मूलभूत संकल्पना याच प्रश्नातून निघाल्या आहेत.

तुमच्याकडे सुगीच्या वेळी होणारा पीक कापणी प्रयोग तू पाहिला असशील. गावातील काही गट नंबर आणि त्या शेतांतील जागा यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या काढल्यासारख्या कोणाच्याही मर्जीविना आलेल्या, संख्यांवरून ठरवतात, चार खुंट्या ठोकून दोरी ताणतात, दोरीच्या आतले पीक कापून, मळून त्याचे वजन करतात आणि त्यावरून हेक्टरी उत्पादन काढतात. जागा कर्मचाऱ्याने आपल्या मर्जीने निवडायची नाही, कारण माणसाची नजर नकळत भरघोस पिकाकडे वळते. हाच यादृच्छिक नमुना निवडीचा गाभा आहे. भातासारख्या पिकांसाठी हा तुकडा १० मीटर बाय ५ मीटरचा असतो. तो एवढा मोठा का, याचा विचार तू कधी केला आहेस का?

१९४०च्या दशकात या प्रश्नावर आपल्या देशात गंभीर वाद झाला. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा कल लहान तुकड्यांकडे होता, कारण तेवढ्याच खर्चात ते पुष्कळ अधिक ठिकाणी घेता येतात. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी मात्र लहान तुकड्यांवरून काढलेले उत्पादन प्रत्यक्षापेक्षा जास्त येते, असे दाखवून दिले आणि १९४६ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात ते मांडले. दोरीच्या अगदी कडेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, अशी शंका आली की हात ते आत धरण्याकडे झुकतो, हे त्यामागचे एक मोठे कारण आहे.

याचे गणित तू स्वतः करून पाहा. चारही कडांना केवळ पाच सेंटिमीटरची पट्टी चुकून आत आली, तर १ मीटर बाय १ मीटरचा तुकडा प्रत्यक्षात १.१ बाय १.१, म्हणजे १.२१ चौरस मीटरचा होतो आणि उत्पादन २१ टक्क्यांनी फुगते. तीच चूक १० बाय ५ मीटरच्या तुकड्यात झाली, तर ५० ऐवजी ५१.५१ चौरस मीटर कापले जातात आणि फुगवटा जेमतेम ३ टक्के राहतो. आता लहान तुकडे दहाऐवजी हजार ठिकाणी घेतले, असे समज. शेताशेतांतील फरकामुळे येणारी अनिश्चितता खूप कमी होईल, पण ते २१ टक्के जसेच्या तसे राहतील. उलट चुकीचाच आकडा अधिक ठाम वाटू लागेल. पहिल्या प्रकारच्या दोषाला यादृच्छिक त्रुटी म्हणतात आणि दुसऱ्याला अभिनती. नमुना वाढवला की पहिली घटते, दुसरी घटत नाही, एवढे तुझ्या मनात पक्के बसले, तर मोठमोठ्या सर्वेक्षणांच्या बातम्याही तू वेगळ्या नजरेने वाचू लागशील.

यादृच्छिक त्रुटी किती वेगाने घटते, हे पुस्तकात वाचण्याऐवजी हाताने पाहावे. तुझ्या तालुक्याच्या पावसाची पन्नासेक वर्षांची नोंद मिळव आणि प्रत्येक वर्षाचा आकडा एकेका चिठ्ठीवर लिही. एक चिठ्ठी काढून आकडा टिपायचा, ती परत टाकून डबा हलवायचा, अशा रीतीने पाच आकडे घेऊन त्यांची सरासरी काढ आणि हे बऱ्याच वेळा कर. नंतर दर वेळी वीस आकडे घेऊन तेच कर आणि दोन्ही वेळच्या सरासऱ्यांचा एकेक आलेख काढ. नमुना चौपट झाला तरी सरासऱ्यांचा विखुरलेपणा चौथाई न होता सुमारे निम्मा होतो, हे तुला दिसेल. वर्षावर्षाच्या पावसाचा विखुरलेपणा म्हणजे प्रमाण विचलन आणि या सरासऱ्यांचा विखुरलेपणा म्हणजे प्रमाण त्रुटी. या दोहोंची गल्लत पदवीधरही करतात, पण ज्याने चिठ्ठ्या काढल्या आहेत त्याची ती सहसा होत नाही. विश्वास अंतराल, म्हणजे नमुन्यावरून खऱ्या सरासरीसाठी काढलेला पट्टा, त्यानंतर आपोआप समजू लागतो.

परिकल्पनेच्या परीक्षणाची, म्हणजे एखादे गृहीतक आकड्यांशी जुळते का हे तपासण्याची, घाई करू नकोस. तेथे पोहोचशील तेव्हा एवढेच सांभाळ की पी-मूल्य म्हणजे शून्य परिकल्पना (‘काहीच फरक नाही’ असे गृहीतक) खरी असण्याची संभाव्यता नव्हे. ती खरी धरली, तर हाती आलेल्या किंवा त्याहून टोकाच्या निकालाची जी संभाव्यता, ते पी-मूल्य. सॉफ्टवेअर अवश्य शीक, ते फारसे कठीण नाही, मात्र निदान एक उदाहरण कागदावर सोडवल्याशिवाय कोणतीही नवी पद्धत त्यात चालवू नकोस.

पावसाच्या सरासऱ्यांचे दोन्ही आलेख काढून झाले की मला पाठव आणि पर्जन्यमापक कोठे बसवला आहे, त्याच्या आसपास झाड किंवा भिंत आहे का, मधल्या काळात त्याची जागा बदलली का, याची चौकशी करून तेही सोबत लिही. ते वाचल्यावर सहसंबंधाविषयी, म्हणजे दोन गोष्टी एकमेकींबरोबर कशा बदलतात याविषयी, लिहीन.

तुझा हितचिंतक