डिसेंबरात सिंहगडावर काढलेले पोलरॉइड फोटो फिके, हिरवट आले. फिल्म खराब निघाली की मी फोटो पुरेसा हलवला नाही? सरळ इन्स्टॅक्स (फुजीचा झटपट फोटोंचा कॅमेरा) घेऊ का?

फिल्मला दोष देऊ नका. आणि फोटो हलवायचा विषय काढलाच आहे, तर मला सविस्तर लिहिणं भाग आहे.

नारायण पेठेत माझ्या थोरल्या काकांचा स्टुडिओ होता. नव्वदच्या दशकात त्यांनी पासपोर्ट फोटोंसाठी चार भिंगांचा पोलरॉइड कॅमेरा घेतला. फिल्म सोलायची असे: कॅमेऱ्यातून ओढायची, मिनिटभर थांबायचं, मग निगेटिव्ह सोलून टाकायची. डिसेंबरातल्या एका सकाळी आठ वाजता व्हिसासाठी घाईत असलेला मुलगा आला. फोटो फिका, निळसर. दुसरा काढला, तोही तसाच. काका माझ्याबद्दल त्याच्यासमोर म्हणाले, "यानं लवकर सोलली." मी घड्याळात बघून साठ सेकंद मोजले होते.

थंडीसाठी ॲल्युमिनियमच्या दोन पत्र्यांची क्लिप मिळायची. आमच्याकडे ती बिलं दाबायला पडली होती. ती शर्टाच्या आत पोटाशी धरून गरम केली, तिसरी फिल्म त्यात घातली आणि दीड मिनिटानं सोलली. गालांवर रंग आला! काकांनी तो फोटो वाळवायला दोनदा हलवला, आणि पुढे कित्येक वर्षं "हलवला म्हणून चांगला आला" असं सांगत राहिले.

खरं कारण थरांत आहे. निळ्या, हिरव्या आणि लाल प्रकाशाला संवेदनशील असे चांदीच्या क्षारांचे तीन थर, आणि त्यांच्याखाली अनुक्रमे पिवळं, मजेंटा आणि निळसर सायन रंगद्रव्य. फोटो बाहेर येताना कॅमेऱ्याच्या रोलरखाली फिल्मच्या कडेची रसायनाची पुडी फुटून अल्कली (आम्लाच्या उलट गुणाचं रसायन) पसरली की रंगद्रव्यं विरघळतात. जिथे प्रकाश पडला तिथलं रंगद्रव्य जागीच अडकतं, उरलेलं वर चालत जाऊन चित्राच्या थरात बसतं. पोलरॉइडची 1963 ची पोलाकलर फिल्म याच तत्त्वावर चालायची. 1972 च्या एसएक्स-70 कॅमेऱ्याच्या फिल्ममध्ये सोलणंही गेलं: पुडीतच टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पार्श्वभूमी आणि प्रकाश अडवणारा गडद रंग घातला. आतल्या आम्लाच्या थरानं अल्कली मारली की तो गडद रंग उडतो. हा सगळा प्रवास तापमानावर चालतो. गारठ्यात रंगद्रव्यं मंदावतात आणि वेळ संपेपर्यंत पोचतच नाहीत. बंद पाकिटातल्या या प्रवासाला हलवून काडीचा फरक पडत नाही, उलट थर सुटू शकतात. हलवायची सवय सोललेल्या ओल्या फोटोंपासून लागली, एवढंच.

पोलरॉइडची आजची रंगीत फिल्म 13 ते 28 अंशांत नीट चालते. पहाटे गडावर फोटो बाहेर येताच उजेडापासून झाकून कोटाच्या आतल्या खिशात ठेवा आणि पंधरा मिनिटं हात लावू नका. मे महिन्यात उलटं होतं, रंग पिवळट-लालसर येतात. पॅक फ्रिजमध्ये ठेवा (फ्रीझरमध्ये नव्हे) आणि वापरायच्या तासभर आधी बाहेर काढा.

इन्स्टॅक्स थंडी-उन्हात जास्त निभावून नेतो, हे मान्य. पण फक्त या फोटोंवरून कॅमेरा बदलू नका. हां, फिल्मची मुदत उलटून गेली असेल तर मात्र वरचं सगळं सोडा, आधी ताजा पॅक घाला.

आणि काका, तुम्ही हे वाचत असाल तर: साठ सेकंद पूर्ण झाले होते.