सुपरमॅनचे हक्क खरंच फक्त 130 डॉलरला विकले गेले होते का?

हो, खरं आहे. आणि वाचताना आजही वाईट वाटतं.

जेरी सीगल लिहायचा, जो शुस्टर चित्रं काढायचा. दोघं अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचे, शाळेपासूनचे दोस्त. सुपरमॅन त्यांनी वर्तमानपत्रांसाठी चित्रपट्टीच्या (कॉमिक स्ट्रिपच्या) रूपात तयार केला होता, पण कित्येक वर्षं सगळीकडून नकारच आला. 1938 मध्ये ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ या चित्रकथांच्या मासिकाच्या पहिल्या अंकासाठी 13 पानं हवी होती. मग त्याच पट्ट्या कापून, पानाच्या मापात चिकटवून दिल्या. पानाला 10 डॉलर, म्हणजे 130. त्यातच सगळे हक्क प्रकाशकाकडे गेले. तेव्हाच्या धंद्यात हीच रीत होती.

अंकाची किंमत 10 सेंट. मुखपृष्ठावर सुपरमॅन हिरवी मोटार डोक्यावर उचलून आपटतोय आणि कोपऱ्यातला माणूस डोकं धरून पळतोय. तेव्हा त्याला उडता येत नव्हतं बरं का, फक्त लांब उड्या! आणि त्याची भांडणं परग्रहवासीयांशी नव्हती. बायकोला मारणारा नवरा, लाचखोर राजकारणी अशांशी होती. मंदीच्या काळातल्या पोरांना हा आपला माणूस वाटला, यात नवल नाही.

पुढे प्रकाशकाशी कोर्टकचेऱ्या झाल्या, श्रेयनामावलीतून दोघांची नावंही गेली. 1975 मध्ये सीगलने जाहीर आवाज उठवला, इतर चित्रकार पाठीशी उभे राहिले, तेव्हा वर्षाला प्रत्येकी 20,000 डॉलर मिळू लागले आणि नावं परत छापली गेली. तोवर शुस्टरची दृष्टी जवळजवळ गेली होती.